कटऑफकाका

मे महिना संपत आला की आमच्या सोसायटीत दोन गोष्टींचा भाव वाढतो. एक टँकरच्या पाण्याचा आणि दुसरा कटऑफकाकांचा. टँकरचा भाव पहिला दणदणीत पाऊस पडला की उतरतो. काकांचा मात्र इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाची शेवटची कॅप फेरी उरकेपर्यंत चढताच राहतो.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमनशिवाय कोणी वाचत नाही. शिक्षण खात्याशी, विद्यापीठाशी किंवा सीईटी सेलशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. स्वतः बी. कॉम. जुनी अकरावी मॅट्रिक पास होऊन ते तालुक्याच्या कॉलेजात नाव घालायला गेले, तेव्हा सायन्सच्या खिडकीपुढे लांबलचक रांग होती, कॉमर्सच्या खिडकीपुढे कोणी नव्हतं आणि गावाकडे जाणारी एसटी सव्वाबाराला होती. झालं, कॉमर्स ठरलं. पुढची बँकेतली नोकरी, हा फ्लॅट, पेन्शन, सगळी त्या सव्वाबाराच्या एसटीची कृपा. हा किस्सा ते स्वतःच खुशीत सांगतात आणि लगेच समोरच्या पोराला बजावतात, "बाळा, करिअरचा निर्णय घाईत घ्यायचा नसतो."

या समाजसेवेचं मूळ म्हणे त्यांच्या घरातच आहे. त्यांच्या चिरंजीवांनी बारावीनंतर आपला फॉर्म आपणच भरला आणि लॉगिनचा पासवर्ड वडिलांना दिला नाही. पोरगा हॉटेल मॅनेजमेंटला गेला. आज दुबईत उत्तम चाललंय त्याचं, दर वर्षी आईवडिलांना विमानाचं तिकीट पाठवतो. पण तो फॉर्म आपल्याला भरायला मिळाला नाही, हे शल्य काकांच्या मनातून जात नाही. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरत आले आहेत. काकू म्हणतात, "सिलिंडर कधी लावला ते विचारा, आठवायचं नाही. २०२२ च्या तिसऱ्या फेरीत कुठलं कॉलेज कितीवर बंद झालं ते झोपेतसुद्धा सांगतील."

जूनमध्ये काका घराबाहेर पडतात ते बँकेने निरोप समारंभात दिलेली रेक्झिनची बॅग घेऊनच. बॅगेत मागच्या तीन वर्षांच्या कटऑफच्या याद्या, स्पायरल बाइंडिंग करून. सोबत तीन हायलायटर. हिरवा म्हणजे 'नक्की', पिवळा म्हणजे 'लागू शकतं' आणि गुलाबी म्हणजे 'देवाच्या मनात असेल तर'. याद्यांमधल्या 'जीओपेनएच', 'एलओबीसीएस', 'टीएफडब्ल्यूएस' असल्या अक्षरांनी भल्याभल्या बापांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण काका ती एका दमात वाचून दाखवतात. "सोपं आहे हो! पहिलं अक्षर एल असलं की मुलींची जागा. शेवटचं एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे अख्ख्या राज्याला खुली. यात न कळण्यासारखं काय आहे?" समोरच्याला काही कळलेलं नसतं. पण काकांना कळलंय, एवढ्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा सीईटीचा निकाल लागला तेव्हाची बैठक मी जवळून पाहिली. हॉलमधला टीव्ही बंद, टीपॉयवर पोह्यांच्या बशा, मुलगा कोपऱ्यात मोबाइल उपडा ठेवून बसलेला.

"किती?" चप्पल काढता काढताच काकांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव टक्के पडले, काका," वहिनी म्हणाल्या.

"टक्के नव्हे, वहिनी, पर्सेंटाईल! टक्के बारावीला. पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव पोरं याच्या मागे."

वहिनींनी मुलाकडे अठरा वर्षांत प्रथमच कौतुकाने पाहिलं. काकांनी ते कौतुक फार वेळ टिकू दिलं नाही. "पण हे शंभर म्हणजे शंभर नव्हेत. पीसीएमला चार लाखांच्या वर मुलं बसतात. म्हणजे याच्या पुढे सुमारे चोवीस हजार. बाळा, पॉइंटच्या पुढचं सांग."

सीईटीचा पर्सेंटाईल दशांश चिन्हानंतर सात आकडे दाखवतो. काकांनी सातही आकडे डायरीत उतरवले आणि पुन्हा वाचून खात्री केली. "शेवटच्या आकड्यावर जागा जाते हो. त्यातूनही दोघं बरोबरीत आले तर आधी गणिताचे बघतात. गणिताचे किती?"

गणिताचे कमी होते. पोह्यांची बशी तशीच राहिली.

"आता ब्रँच. बाळा, मोकळेपणाने सांग, तुला काय आवडतं?"

"मला गाड्यांचं... मेकॅनिकल..."

"कॉम्प्युटर," काकांनी लिहिलं. "मेकॅनिकल आवडतं ना? आवडू दे. रविवारी कर."

पर्याय तीनशेपर्यंत भरता येतात. काका तीनशेच्या तीनशे भरतात. रिकामा रकाना बघवत नाही, हा बँकेतला जुना आजार. दीडशेच्या पुढे कुठेतरी बुलढाणा जिल्ह्यातलं कॉलेज आलं तेव्हा वहिनी चरकल्या. "बुलढाण्याला कोण आहे हो आपलं?" काका म्हणाले, "लागणार नाही, वहिनी. पण भरायला काय जातंय?"

हे सगळं हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण काकांचं एक मानलं पाहिजे. नियमाच्या बाबतीत त्यांचा शब्द पक्का असतो. क्लासवाले सांगतात, वर फार मोठी कॉलेजं टाकू नका, हातची जागा जाईल. काका ठणकावून सांगतात, "साफ खोटं! ते यंत्र तुमच्या यादीत वरून खाली येत जातं. वरचं मागितलं म्हणून खालचं कोणी काढून घेत नाही. आधी आवडीचं लिहा, मग मिळण्याजोगं. फक्त एक लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की ऑटो फ्रीझ. २०२५ पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला लागला तरी तेच. मग 'नको, पुढच्या फेरीत बघू' चालत नाही." आतल्या खोलीतून आजींनी विचारलं, "कुठल्या कंपनीचा घेतलात फ्रीज?" काकांनी त्यांनाही पुन्हा सगळं समजावलं.

कागदपत्रांच्या बाबतीत तर काका देवमाणूस. दिवाळीचा फराळ तोंडात टाकता टाकता बारावीच्या पोराच्या बापाला विचारतील, "जात पडताळणीचा अर्ज टाकला का? आत्ता टाका, जूनमध्ये रडू नका." नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, डोमिसाईलवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळावं लागतं, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर फीमाफीच्या टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जादा जागा असतात आणि तो पर्याय वेगळा भरावा लागतो, हे काकांना तोंडपाठ. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तेव्हा त्याची प्रत त्यांनी लिफ्टमध्ये चिकटवली होती. आमच्याकडे पेपर टाकणाऱ्या मुलाच्या बहिणीचा प्रवेश त्या कागदामुळे झाला. सेक्रेटरींनी लिफ्ट विद्रूप केल्याबद्दल काकांना नोटीस दिली. काकांनी ती फाईलला लावली.

कॉलेजांच्या इतिहासावरही काकांची भिस्त मोठी. "सीओईपी १८५४ चं. संगमावर. विश्वेश्वरय्या तिथलेच. व्हीजेटीआय १८८७ चं, राणीच्या ज्युबिलीचं. 'व्हिक्टोरिया'ची 'वीरमाता जिजाबाई' झाली १९९७ साली. सांगलीचं वालचंद १९४७ चं. आणि मग १९८३!" इथे काका आवाज चढवतात. वसंतदादा पाटलांच्या सरकारने त्या साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रातली मुलं डोनेशनचे पैसे घेऊन कर्नाटकची गाडी पकडत. "दादांनी ते पैसे महाराष्ट्रात थांबवले," एवढं सांगून काका पोह्यांकडे वळतात. ते पैसे कुठे थांबले, ही चर्चा पोहे संपल्यावर गॅलरीत होते.

एवढं सगळं तोंडपाठ असलेले काका यांतल्या एकाही कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी गेले नव्हते. मानांकनांचं त्यांचं ज्ञानही असंच फाटकाबाहेरचं. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते आणि एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाची, हा फरक त्यांना ठाऊक होता. पण दोन्ही मिळतात म्हणजे आत जाऊन नेमकं बघतात काय, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. पडला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या धाकटीला.

धाकटीच्या खिडकीसमोर दोन वर्षं उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. तिच्या वर्गातल्या मुली आवाजाला कंटाळून अभ्यासिकेत जागा धरत. ही मात्र पुस्तक मांडीवर घेऊन गर्डर कसा चढवतात ते बघत बसायची. निकाल लागल्यावर तिने काकांना स्वच्छ सांगितलं, "मला सिव्हिल."

"सिव्हिल?" काकांच्या हातातला हायलायटर खाली आला. "अगं, सिव्हिलला जागा रिकाम्या राहतात!"

"मग मला मिळेल ना?"

काकांच्या आयुष्यात हा युक्तिवाद प्रथमच आला. त्यांनी बाजू बदलून पाहिली. "हे बघ, सिव्हिल, मेकॅनिकल यांना आता स्कोप नाही."

"अनिल काकोडकर व्हीजेटीआयचे. तेही मेकॅनिकलचेच ना?"

"तेव्हा कॅप नव्हती," काका म्हणाले.

धाकटीने मग टीपॉयवर स्वतःची फाईल ठेवली. त्यात प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावरून काढलेली एनआयआरएफची माहितीपत्रकं होती. देशपातळीवरच्या या क्रमवारीची पहिली यादी आली २०१६ मध्ये. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे लिहून द्यावं लागतं आणि ते सगळ्यांना दिसेल असं ठेवावं लागतं. "काका, फाटकावरच्या फ्लेक्सवर सर्वोच्च पॅकेज असतं. ते एकाचं. मध्यक म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्याचा पगार. मी बहुतेक मधेच असणार."

काका बँकेतले. आकडा कसा फुगवतात हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. ते फाईल बराच वेळ चाळत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चेअरमनचा पगार धरून सरासरी काढली तर आमच्या ब्रँचचा शिपाईसुद्धा बंगलेवाला निघेल." काका एखाद्याशी सहमत झालेले मी तेव्हा पाहिले.

"मग उद्या जाऊन बघू या?" धाकटी म्हणाली.

"काय बघायचं?"

"कॉलेज."

कटऑफच्या यादीत नसलेली गोष्ट बघायला जायचं, ही कल्पना काकांना पचेना. पण गाडी माझी आणि दिवस सुट्टीचा. काका पुढच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसले.

पहिलं कॉलेज काचेचं होतं. स्वागतकक्षात गार पाण्याच्या बाटल्या मिळाल्या आणि गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक मिळालं. काका खूश. धाकटी म्हणाली, "सिव्हिलची लॅब बघायची आहे." टाय लावलेला मुलगा जरा घुटमळला, मग चावी शोधायला गेला. चावी मिळायला चहा होऊन गेला. आत काँक्रीट दाबून बघण्याचं भलंमोठं यंत्र होतं, त्यावर कंपनीचं प्लॅस्टिकचं आवरण अजून तसंच.

"हे काढत नाही?" धाकटीने विचारलं.

"कमिटी येते तेव्हा काढतो," लॅबवाले मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

दुसऱ्या कॉलेजला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. इमारतीला ओल आलेली, पार्किंगमध्ये चिखल. काकांनी मनातल्या मनात गुलाबी हायलायटर उघडला. धाकटी सरळ लॅबच्या मागच्या बाजूला गेली. तिथे फुटक्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा ढीग पडला होता.

"काय हा राडारोडा! नगरपालिकेला कळवलं पाहिजे."

धाकटी उकिडवी बसली आणि तिने एक ठोकळा उलटा केला. त्यावर लाल रंगाने तारीख आणि बॅचचा नंबर लिहिलेला होता. दुसरा उलटला, तिसरा उलटला. "काका, कचरा ताजा आहे."

"म्हणजे?"

उत्तर लॅबमधून बाहेर आलेल्या मामांनी दिलं. हाताला सिमेंट, पँटला सिमेंट. "ते क्यूब आहेत साहेब, पोरांनी ओतलेले. पंधरा सेंटिमीटरचा एक. टाकीत पाण्यात ठेवायचे. काही सातव्या दिवशी फोडायचे, काही अठ्ठाविसाव्या. कितीला फुटला ते वहीत लिहायचं. पहिला क्यूब सगळ्यांचाच कच्चा निघतो. पाणी जास्त घालतात, घाई असते ना. तिसऱ्यापासून जमतं."

"यंत्र कोण चालवतं?"

"पोरंच. मी शेजारी उभा. बोट मधे घालू नका, एवढंच सांगतो."

काकांनी बॅग उघडली, यादी काढली, परत ठेवली. मग मामांना विचारलं, "तुमच्याकडे गेल्या वर्षी कितीवर बंद झालं?" मामांनी शांतपणे उत्तर दिलं, "साडेपाचला. पोरं थांबली तर सहा."

फाटकाबाहेरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची मुलं होती. धाकटीने त्यांना विचारलेले प्रश्न मला आजही कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाहीत. शिकवणारे सर दर वर्षी बदलतात का? शंका घेऊन केबिनमध्ये गेलं तर बसायला सांगतात की 'वर्गात का नाही विचारलंस' म्हणतात? लायब्ररीतलं पुस्तक घरी मिळतं की कपाटाला कुलूप? इंटर्नशिप कॉलेज शोधून देतं की नुसतं पत्र टाइप करून देतं? मेसमध्ये रविवारी रात्री काय असतं? मुलांनी खरी उत्तरं दिली. दोन सर चांगले, एक झोपाळू, लायब्ररी उत्तम, मेस भिकार. "मेस सगळीकडे भिकारच असते," काका म्हणाले, आणि मग त्यांना राहवेना. त्यांनी प्रत्येकाला पर्सेंटाईल विचारला. तिसऱ्या वर्षाच्या एकाही मुलाला आपला पर्सेंटाईल नीट आठवेना. काकांना हा धक्का मोठा होता. सात आकडे! कोणाला सातातला एकही आठवू नये!

धाकटीने ते ओल आलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. पहिल्याच फेरीत लागलं. ऑटो फ्रीझ. काकांनी पेढा घेतला, पण हातात धरून ठेवला. त्यांच्या मते तिचा पर्सेंटाईल वाया गेला होता.

प्रवेश पक्का झाला, फी भरून झाली की काकांचा त्या पोरातला रस संपतो. ऑगस्टपर्यंत जे पोर त्यांच्या डायरीत पानभर पसरलेलं असतं, ते सप्टेंबरात जिन्यात भेटलं तर त्याला ओळखायलाही त्यांना क्षणभर लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने एकदा त्यांना गाठून विचारलं होतं, "काका, ॲडमिशन तर झाली. आता काय करू?" काका गोंधळले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. थोडा विचार करून म्हणाले, "पंचाहत्तर टक्के हजेरी सांभाळ."

त्याने ती सांभाळली, नेमकी पंचाहत्तर. एकट्या काकांना यात बोल लावता येणार नाही. कॉलेज मिळेपर्यंत घरातली सगळी माणसं राबतात; आई सेतू केंद्राच्या रांगेत, बाप झेरॉक्सच्या दुकानात, मावशी व्हॉट्सॲपच्या गटावर. कॉलेज मिळालं की सगळे दमून बसतात. पुढची चार वर्षं ज्याने राबायचं, त्याला कशासाठी राबायचं ते कोणी सांगितलेलंच नसतं. पोरगा क्लासमधल्या जुन्याच मित्रांबरोबर मागच्या बाकावर बसला, जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलं, सबमिशनच्या आदल्या रात्री जागला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर पाच युनिटं उरकली. पासही झाला, चांगल्या गुणांनी. लायब्ररीत तो चार वर्षांत एकदाच गेला, शेवटी 'नो ड्यूज'च्या कागदावर सही घ्यायला. तिथल्या मॅडमनी विचारलं, "नवीन ॲडमिशन का?"

धाकटीचं चाललं होतं ते काकांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. पहिल्या वर्षीच ती शंका घेऊन झोपाळू सरांच्या केबिनमध्ये गेली. सर वर्गात झोपाळू होते, कारण बाहेरच्या कंत्राटदारांच्या काँक्रीटच्या चाचण्या कॉलेजच्या लॅबमध्ये होत आणि त्यांचे अहवाल ते रात्री लिहीत. शंका मिटली आणि शनिवारी सकाळी नोंदवही लिहायचं कामही मिळालं. कुठला ठोकळा कुठल्या पुलाचा, कितीला फुटला. पुस्तकात जे कोष्टक होतं ते तिच्या हातून दर आठवड्याला भरलं जाऊ लागलं. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात गावात बंधाऱ्यासाठी लेव्हल लावून मोजमाप घेतलं, आणि सरपंचांशी मोजपट्टी दाखवून भांडलीसुद्धा. दुसऱ्या वर्षी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत पडद्यामागे नेपथ्याला लागली. १९६३ पासून पुण्यातल्या कॉलेजांची पोरं या स्पर्धेपायी ऑगस्टात दिवसरात्र विसरतात. धाकटीने उभारलेली भिंत प्रयोगात पडली नाही, याचा तिला पेपरात आलेल्या नावापेक्षा जास्त आनंद झाला. पेपरात नाव आलंच नव्हतं.

आणि गणिताच्या एम-थ्रीत तिची केटी लागली.

ही बातमी काकांपर्यंत लिफ्टमधून पोहोचली. ते स्वतः खाली उतरून गेले. "सांगत होतो! नाटकं कसली करता?"

"काका, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे बी. जे. मेडिकलमध्ये शिकले. आणि १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' उभं केलं."

"त्यांची मेडिकलची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते," काका म्हणाले. पण पूर्वीचा जोर नव्हता. टेबलावर शनिवारची नोंदवही उघडी होती. बँकेतल्या माणसाचा हात आपोआप तिकडे गेला. तारीख, नमुना क्रमांक, वजन, भार, शेरा, सही. खाडाखोड नाही, जिथे चुकलं तिथे एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि बारीक सही. आयुष्यभर लेजर तपासलेले काका ते पान बघत उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि एक बेरीज ताडून पाहिली. बरोबर होती.

"ही वही कोणी शिकवली लिहायला?"

"झोपाळू सरांनी."

"हुशार माणूस," काका म्हणाले. "आमच्या बँकेत पाहिजे होता." पुढच्या परीक्षेत एम-थ्री निघाली. काकांनी पेढा मागून घेतला, आणि या वेळी खाल्ला.

आता कोणाला वाटेल, काका सुधारले. तसं काही नाही. माणसं अशी सुधारायला लागली तर सोसायट्या चालायच्या कशा? काकांनी एवढंच केलं, की या जूनमध्ये याद्यांच्या स्पायरलमध्ये जास्तीची पानं घातली आणि नवे रकाने आखले. 'केबिनमध्ये बसवतात का', 'पुस्तक घरी देतात का', 'लॅबची चावी किती मिनिटांत मिळते'. शेवटच्या रकान्यासाठी त्यांनी चिरंजीवांकडून दुबईहून स्टॉपवॉच मागवलं. आणि सोसायटीतल्या प्रत्येक बारावीच्या पोराच्या बापाला ते एकच आदेश देत सुटले, "फॉर्म नंतर. आधी कॉलेजच्या मागे जाऊन बघा, काय फुटलंय."

पाचव्या मजल्यावरचे नवे भाडेकरू भाबडे. ते मुलीला घेऊन खरंच चार कॉलेजांच्या मागे फिरून आले आणि संध्याकाळी काकांकडे हजर झाले. "काका, हिला कॉम्प्युटर घ्यायचंय. कॉम्प्युटरच्या डिपार्टमेंटमागे काही फुटलेलं नसतं हो. एका ठिकाणी कुंडी होती, पण ती मांजराने पाडली म्हणे."

काकांनी पिवळा हायलायटर दातात धरला आणि विचारात पडले. काकूंनी चहा आणला, तो निवला. मग ते एकदम सावरून बसले.

"लॅबमधले कीबोर्ड बघा. अक्षरं पुसून गेलेली असली तर डोळे मिटून पहिल्या क्रमांकावर टाका. आणि झगझगीत दिसली, तर बुलढाण्याच्याही खाली."